सात नंबरचं टोकन

१

शहराच्या मधोमध, बसस्टँडकडे जाणारे तीन रस्ते जिथे मिळतात तिथे, वीज खात्याची सहा मजली इमारत होती. कागदोपत्री तिचं नाव चांगलं दीड ओळीचं होतं, पण टॅक्सीवाल्यापासून साहेबापर्यंत सगळे तिला किसणी म्हणायचे. समोरची अख्खी भिंत म्हणजे नुसतं भोकाभोकांचं काँक्रीट. बांधली तेव्हा लांबून लांबून लोक बघायला यायचे, बांधणाऱ्याला कुठलंसं बक्षीसही मिळालं. आत काम करणाऱ्यांच्या वाट्याला मात्र सकाळी ऊन आणि दिवसभर धूळ आली.

किसणीच्या पहिल्या मजल्यावर, पॅनल रूममध्ये, पॅनलबाई तेहतीस वर्षं बसत होत्या. त्यांना रीतसर नाव होतं, पण हजेरीपुस्तकाबाहेर ते कोणी वापरत नसे. समोर भिंतभर पॅनल. शहरातल्या प्रत्येक मोठ्या लाइनचा त्यावर एक स्विच, एक काटा आणि एक दिवा. कुठली लाइन चालू आहे, कुठली बंद आहे, कुठल्या लाइनवर माणसं कामाला उतरली आहेत, हे बाईंनी बघायचं आणि रजिस्टरात लिहायचं. आता ते सगळं काम शहराबाहेर नव्या जागेत कॉम्प्युटरवर गेलं होतं. महिनाअखेर किसणी रिकामी व्हायची होती आणि त्याच दिवशी बाईही निवृत्त व्हायच्या होत्या.

साहेब वयानं लहान, पण मनाचा चांगला होता. त्यानं बाईंना एक काम लावून दिलं होतं.

"बाई, या इमारतीला तुमच्याइतकं कोणी ओळखत नाही. चार पानं लिहून द्या, आपण तिच्या इतिहासाची छोटी पुस्तिका काढू."

"साहेब, मी जन्मभर आकडे आणि वेळा लिहिल्या. मला कुठला जमतोय इतिहास?"

"मग वेळाच लिहा. इतिहासात दुसरं काय असतं?"

म्हणून बाई रोज सकाळी जुनी रजिस्टरं काढून बसायच्या. त्या सोमवारीही बसल्या. टेबलाच्या डाव्या हाताला इमारतीतल्या आतल्या फोनचा जुना बोर्ड होता. पूर्वी कुठल्याही मजल्यावर फोन उचलला की बोर्डवर त्या जागेचा बारीकसा हिरवा दिवा लागायचा. बोर्ड बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि त्यांचं लक्ष शेवटच्या ओळीकडे गेलं. तिथला एक दिवा लागला होता.

त्याखाली पट्टी होती: बोगदा.

बाई स्वतःशीच हसल्या. या खोलीत सकाळच्या वेळी भिंतीच्या भोकांतून उन्हाचे शेकडो ठिपके येतात, कुठेही जाऊन बसतात. एखादा बसला असेल दिव्याच्या काचेवर. त्यांनी हात आडवा धरला. ऊन हाताच्या पाठीवर पडलं. हाताच्या आतल्या बाजूला, तळव्यावर, हिरवा उजेड होता.

२

फ्यूजदादा हे किसणीतले सर्वांत जुने वायरमन. जरा काही झालं की उडायचे, म्हणून हे नाव. बाईंनी बोलावल्यावर ते स्क्रूड्रायव्हर घेऊन आले आणि बोर्डाची मागची फळी उघडून आत बराच वेळ बघत राहिले.

"वायरीच नाहीत बाई याला. अकरा वर्षांपूर्वी मीच कापल्या होत्या."

"मग दिवा?"

"काच आहे. घेत असेल कुठूनतरी उजेड." त्यांनी फळी परत लावली, सगळे स्क्रू नीट पिळले आणि काळी चिकटपट्टी काढून दिव्यावर लावून टाकली. "आता बघू नका तिकडे."

एरवी एवढ्याशा कामासाठी बोलावलं म्हणून त्यांनी खोली डोक्यावर घेतली असती. आज ते शांतपणे बोलले, हेच बाईंना आवडलं नाही.

दुपारी लेक आली. लेक शाळेत शिकवायची, सध्या सातवा महिना चालू असल्यामुळे रजेवर होती. घरात बसून कंटाळते म्हणून रोज दुपारी पॅनल रूममध्ये यायची आणि आईनं कागदावर लिहिलेलं लॅपटॉपवर उतरवून काढायची. तिला लहानपणापासून पाहणारे लोक म्हणायचे की ही आईची हुबेहूब नक्कल आहे. चालणं तेच, कपाळ तेच, चिडल्यावर एक भुवई वर जाणं तेच. फ्यूजदादा तर तिला 'जुन्या पॅनलबाई' म्हणायचे.

"आई, इतिहासात या आकड्यांचं काय लिहू?" लेकीनं भिंतीकडे बोट दाखवलं.

पॅनलशेजारी पितळी आकडे ओळीनं ठोकलेले होते आणि प्रत्येकावर नंबर घातलेली पितळी चकती टांगलेली होती. तिला टोकन म्हणायचे. बाईंनी सांगितलं, लेकीनं लिहून घेतलं. खाली केबलवर कामाला उतरणारा माणूस आधी इथे येतो. पॅनलवरची बाई त्याची लाइन बंद करते आणि त्या लाइनचं टोकन त्याच्या हातात देते. आकडा रिकामा असेपर्यंत त्या लाइनमध्ये वीज सोडायची नाही, मग अर्धं शहर काळोखात बसलं तरी बेहत्तर. आणि टोकन परत आणायचं ते ज्यानं नेलं त्यानंच. निरोप चालत नाही, चिठ्ठी चालत नाही, दुसऱ्याच्या हातून तर मुळीच नाही. कारण टोकन वर येणं महत्त्वाचं नसतं, माणूस वर आलेला डोळ्यांनी दिसणं महत्त्वाचं असतं.

"आणि सात नंबर?"

सातवा आकडा रिकामा होता. सत्तावीस वर्षं रिकामा होता. सात नंबरची केबल तेव्हापासून बंदच होती आणि प्रत्येक पाळीत, प्रत्येक ऑपरेटरनं, रजिस्टरात तेच लिहिलं होतं: 'लाइन सात, माणूस कामावर.'

"तुला माहीत आहे की," बाई म्हणाल्या.

लेकीला माहीत होतं. सात नंबरचं टोकन तिच्या बाबांनी नेलं होतं.

३

ते खात्यात जॉइंटर होते, केबलचे सांधे जोडायचे. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की एका दुपारी ते सात नंबरच्या सांध्यासाठी किसणीच्या तळघरातून बोगद्यात उतरले. बोगदा रस्त्याखालून पलीकडच्या सबस्टेशनपर्यंत जातो, फार तर चारशे पावलं. त्याच दुपारी पॅनलवर बसलेल्या त्यांच्या बायकोला वेळेआधी कळा सुरू झाल्या, तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, चार वाजता मुलगी झाली. ते सांगायला लोक बोगद्यात उतरले तेव्हा तिथे सांधा पुरा झालेला होता, हत्यारांची पिशवी होती, दिवा जळत होता. माणूस नव्हता.

लोकांनी आठ दिवस शोधलं आणि मग बोलायला सुरुवात केली. पलीकडच्या दारानं निघून गेला म्हणाले. जबाबदारी नको होती म्हणाले. कोणी तर त्याला दुसऱ्या गावात दुसऱ्या बाईबरोबर पाहून आले. लेक हेच ऐकत मोठी झाली. पॅनलबाईंनी कधी कोणाचं तोंड धरलं नाही, आणि लोकांना ते त्यांचं मोठेपण वाटलं.

मंगळवारी साहेब एक छापील कागद घेऊन आला आणि खुर्ची ओढून बाईंच्या समोर बसला.

"बाई, मला हे तुमच्यापाशी बोलायला जड जातंय. शुक्रवारी दुपारी दोन वाजता बोगद्यात काँक्रीट भरायचंय. वरून रस्ता रुंद होतोय. पण कुठल्याही लाइनवर माणूस कामावर असल्याची नोंद असेल तर मला काम सुरू करता येत नाही. आणि ते टोकन तुमच्या सहीनं गेलंय."

कागदावर एवढंच होतं: 'सात नंबरचा माणूस परत आला. टोकन गहाळ. लाइन मोकळी.' खाली सहीची जागा.

"तो परत आलेला नाही, साहेब."

"मला कळतं, बाई. पण तिथे कोणी नाहीये. परवा मोजणीची माणसं टोकापासून टोकापर्यंत चालून आली."

"किती पावलं भरली?"

साहेब जरा घुटमळला. "त्यांचं आपापसात जमेना. एकाची चारशे, एकाची साडेसहाशे. बोलत गेले असतील." त्यानं कागद रजिस्टराखाली सरकवून ठेवला. "शुक्रवारपर्यंत घ्या वेळ."

तो गेल्यावर बाईंनी बोर्डाकडे पाहिलं. चिकटपट्टी जागेवर होती. तिच्या कडेनं हिरवी रेघ दिसत होती.

४

गुरुवारी बाईंनी फडताळाच्या तळातून ते रजिस्टर काढलं. सत्तावीस वर्षांत त्यांनी ते उघडलं नव्हतं. इतिहासासाठी म्हणून काढलं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

पानावर अर्ध्यापर्यंत त्यांचंच अक्षर होतं. बारा वाजून दहा मिनिटं, टोकन सात दिलं. पुढच्या दोन-तीन नोंदी इतर लाइनींच्या. मग एक वाजून चाळीस मिनिटांनी अक्षर बदललं होतं. त्यांच्या जागी धावत येऊन बसलेल्या ऑपरेटरचं ते, घाईत लिहिलेलं: 'बोगद्याचा फोन उचललेला दिसतो. आवाज दिला, उत्तर नाही. पलीकडे कोणीतरी ऐकत असल्यासारखं वाटतं.' तासाभरानं परत: 'फोन अजून उचललेलाच.' आणि खालच्या ओळीत, बोगद्यातून माणसं वर आल्यानंतरची नोंद: 'खाली फोन जागेवर ठेवलेला सापडला असं म्हणतात. इथे दिवा लागलेलाच आहे.'

 बाई तशाच बसून राहिल्या. लेक आली, लॅपटॉप उघडला, आईकडे बघितलं आणि परत मिटला.

"काय झालं?"

मग बाईंनी सत्तावीस वर्षं गिळलेली गोष्ट लेकीला सांगितली.

दीड वाजता बोगद्यातून फोन आला होता. सांधा झाला, वर येऊ का, म्हणून त्यानं विचारलं होतं. नेमकी तेव्हाच शेजारच्या केबलमध्ये वीज सोडायची होती, आणि अशा वेळी बोगद्यातल्या माणसानं चालायचं नसतं, आहे तिथेच उभं राहायचं असतं. म्हणून बाई म्हणाल्या होत्या, "थांबा जरा. मी सांगेपर्यंत जागचे हलू नका." तो बरं म्हणाला. आणि पुढच्याच मिनिटाला पोटात अशी कळ आली की बाईंना डोळ्यांपुढे काही दिसेना. त्यांना दोघांनी धरून खाली नेलं. जाताना त्यांनी टोकनाचं सांगितलं, चाव्यांचं सांगितलं. बोगद्यात एक माणूस आपण थांबवून ठेवलाय, हे सांगायचं राहिलं.

"आमच्यात पहिला नियम शिकवतात तो हा," बाई म्हणाल्या. "थांबवलेल्या माणसाला ज्यानं थांबवलं त्यानंच सोडायचं. दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून तो हलत नाही. हललाच नाही पाहिजे. आणि ते नियमाचे पक्के होते."

 लेकीची एक भुवई वर गेली होती.

"लोक त्यांना काय काय बोलले," बाई म्हणाल्या, "आणि मी बोलू दिलं. कारण खरं सांगितलं असतं तर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं. मला भीती वाटली, बाळा. एवढंच कारण आहे, दुसरं काही नाही."

"आजी मरेपर्यंत म्हणायची, माझा मुलगा असा नव्हता," लेक म्हणाली. "आपण दोघी ऐकून घ्यायचो."  ती उठून खिडकीपाशी गेली, भोकांतून बराच वेळ खाली रस्त्याकडे बघत राहिली. परत आली तेव्हा तिनं डोळे पुसलेले होते. "आणि एवढ्या वर्षांत तू एकदाही तो फोन उचलला नाहीस?"

"नाही."

"का?"

"कोणी उत्तर दिलं नसतं तर? आणि दिलं असतं तर?"

लेकीनं हात पुढे करून नखानं चिकटपट्टी सोलून काढली. दिवा शांतपणे जळत होता.

५

शुक्रवारी एक वाजता खाली रस्त्यावर काँक्रीटचे दोन मिक्सर येऊन उभे राहिले. त्यांचा घरघराट पॅनल रूमपर्यंत येत होता. साहेब खालीच होता. दोनच्या आत सही हवी होती.

बाईंनी त्या दिवशी इस्त्रीची साडी नेसली होती, चष्मा दोनदा पुसला होता. हे कशासाठी ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही. त्या बोर्डापुढे बसल्या. लेक टेबलापाशी उभी होती, एक हात कमरेवर ठेवून.

बाईंच्या मनात शेवटपर्यंत वाद चालला होता. वायरी नाहीत. खाली कोणी नाही. माणूस सत्तावीस वर्षं उभा राहत नाही. वय झालं की अपराधी मनाला दिवे दिसतात, एवढाच त्याचा अर्थ. मग लेकीलाही दिसतो तो का, हे मात्र त्यांना जुळवता येईना. त्यांनी रिसीव्हर उचलला.

आधी काहीच नव्हतं. नंतर लांब बंदिस्त जागेचा असतो तसा पोकळ घुमारा आला. त्यात कोणीतरी हळूच घसा साफ केला.

"बोगदा, पॅनल बोलतंय," बाई म्हणाल्या. बोर्ड चालू होता तोवर वाक्य हेच होतं, म्हणून तोंडातून निघालं तरी.

"बोला पॅनल."

बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. "शेजारच्या लाइनचं काम पुरं झालं. तुम्ही मोकळे आहात. टोकन घेऊन वर या."

"अगं, किती वेळ लावलास," तो म्हणाला. रागावला नव्हता, चेष्टेत म्हणाला. "पाय पार अवघडून गेले."

"चुकलं माझं."

"असू दे गं. त्यात काय." जरा थांबून तो म्हणाला, "आवाज असा का येतोय तुझा? सर्दी झाली का?"

"हो," बाई म्हणाल्या. "थोडीशी."

"काढा घे घरी गेल्यावर. निघालो मी."

दिवा विझला.

६

तळघरापासून पहिल्या मजल्यापर्यंत दोन जिने होते, मधे एक वळण. पावलं ऐकू यायला फार वेळ लागला नाही. जड बुटांची, बेताची, एका दमात चढणारी पावलं. तरुण माणसाची.

ते ऐकताना बाईंच्या पहिल्यांदा लक्षात आलं की येणारा चौतीस वर्षांचा आहे. त्यांनी केसांवरून हात फिरवला. केस सगळे पांढरे होते. पॅनलवर बसणाऱ्याची पाठ दाराकडे असते, आणि आज त्यांना त्याचं बरं वाटलं. वळून बघायचा त्यांना धीर झाला नाही.

दार उघडलं. गरम डांबराचा वास आत आला, सांधा भरल्यावर जॉइंटरच्या कपड्यांना येतो तो. समोरच्या काट्यांच्या काचांमध्ये काहीतरी हललं, निळ्या शर्टाएवढं. पावलं बाईंच्या खुर्चीमागे येऊन थांबली.

"मावशी," तो अदबीनं म्हणाला, "जरा सरकता का? टोकन लावायचंय."

बाई सरकल्या. त्यांच्या खांद्याजवळून एक हात पुढे आला. बाही कोपरापर्यंत दुमडलेली, मनगटावर काळा डाग, त्याखाली तरुण, घट्ट कातडी. बाईंच्या हातापासून तो वीतभर अंतरावर होता. त्या हातानं सातव्या आकड्यावर टोकन अडकवलं आणि ते हलू नये म्हणून बोट लावून थांबवलं. मग तो हात मागे गेला.

पावलं टेबलाकडे वळली.

"अगं, तू अशी उभी काय राहिलीस? या दिवसांत तासन्‌तास उभं राहायचं का? बस बघू."

 लेकीनं आईकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि दोन्ही हात पोटावर होते. बाईंनी काचेतूनच तिच्याकडे बघून मान हलवली. लेक खाली बसली.

"जेवलीस?"

"हो," लेक म्हणाली. जन्मात पहिल्यांदा ती बापाशी बोलत होती. "जेवले."

"मी हात धुऊन येतो. मग जाऊ घरी."

पावलं बाहेर व्हरांड्यात गेली. बेसिनचा नळ सुटला. किसणीचं पाणी सोमवारीच तोडलं होतं, तरी पाण्याचा आवाज भरपूर येत होता.

बाईंनी पेन उघडलं. साहेबाच्या कागदावर 'टोकन गहाळ' हे शब्द खोडले, 'टोकन जमा' असं लिहिलं, वेळ घातली, एक वाजून बावीस मिनिटं, आणि सही केली.  मग त्यांनी चष्मा काढला आणि पदरात तोंड लपवून त्या रडल्या. बराच वेळ रडल्या.

"आई," लेक कुजबुजली, "त्यांना मी म्हणजे तू वाटले."

"हो."

"तू बोलली का नाहीस? सांगायचंस ना."

"काय सांगू? त्यांच्या लेखी घटकाभराचाच उशीर झालाय," बाई म्हणाल्या. "तेवढाच राहू दे."

खाली मिक्सर फिरत होते. लेकीनं पोटावरचा हात न काढता दाराकडे पाहिलं. "पण ते घरी जाऊ म्हणाले, आई. माझ्याबरोबर. आता काय करायचं?"

नळ बंद झाला. बाई उठल्या. त्यांनी लेकीचा लॅपटॉप पिशवीत घातला, पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि लेकीला हात देऊन उभं केलं. तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. लेकीचा हात गार पडला होता, तो त्यांनी दोन्ही हातांत धरून जरा चोळला.

"घाबरू नकोस. फार चांगले आहेत ते," बाई म्हणाल्या. "तू त्यांच्या बरोबरीनं चाल. मी येते मागून."